वन्संच्या हातांचं माप

९ फेब्रुवारी १९९३

आन्येसवन्सं,

तुमच्या लेओनला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तो म्हणाला, "आई झोपली आहे, मामी." एकदा भरदुपारी, एकदा संध्याकाळी आणि एकदा रविवारी ऐन मिस्साच्या वेळेला. कॉक्रेनला लेकाकडे राहायला गेल्यापासून तुम्हाला झोपेचा आजार जडला असेल तर कुणाला तरी दाखवा. नसेल तर हे पत्र वाचा. तुमच्याच अक्षरांत, आपल्या लोकांच्या लिपीत लिहिलं आहे, म्हणजे "मठवालीचं मला वाचता येत नाही" ही सबब चालणार नाही. ही अक्षरं मला मठाच्या शाळेत नन्सनी शिकवली नाहीत. लग्नानंतर तुमच्या भावाने शिकवली, पिठाच्या पोत्याच्या पाठकोऱ्या कागदावर, आणि माझं वळण बघून तो हसायचा.

मी भांडायला लिहीत नाही. भांडायला लागणारी ताकद आता जिने चढण्यात संपते. काम आहे म्हणून लिहिते आहे.

परवा एफ्रेम आला होता. हंसांच्या शिकारीचा मुखत्यार अजून तोच आहे. किनाऱ्यावर कुणी कुठे बसायचं, कोणत्या दिवशी बंदूक वाजवायची नाही, सगळं तोच ठरवतो, आणि अजून कुणी त्याच्यापुढे बोलत नाही. मी सोडून. टोपी न काढता खुर्चीत बसला, तेव्हाच ओळखलं की गोड बातमी नाही.

"दोन दगडांच्या खाडीचं काय करायचं, क्लेमान्स?"

"काय करायचं म्हणजे? आहे तिथे आहे ती."

"इग्नास गेल्यावर दोन वसंत आपण ती जागा निजू दिली. ते बरोबर झालं. पण यंदा तुमच्यापैकी कुणी तिथे बसलं नाही तर मला ती दुसऱ्या घराला द्यावी लागेल. पोरं लग्नं करताहेत, त्यांना बसायला जागा नाहीत."

"मी बसते."

"एकटी? एकटं माणूस म्हणजे तळ नव्हे. एकटं माणूस म्हणजे नंतर मला शोधत फिरावं लागणारं माणूस. घरातली दोघं तरी हवीत. आणि नदीचा बर्फ फुटेपर्यंत राहिली पाहिजेत. चहा पिऊन परत आलात, असं चालणार नाही."

"घरातलं उरलंय कोण?"

"आन्येस आहे की."

"त्या माझ्याशी बोलत नाहीत."

"बोलायला कोण सांगतंय? राहायला सांगतोय."

मग भिंतीकडे बघत त्याने विचारलं, "आणि तंबू?" तंबू कुठे आहे हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. माझ्या खिडकीतून दिसतो, तुम्ही ज्याला दिलात त्या ओनेझिमच्या अंगणात वाळत घातलेला.

वन्सं, मी विषय काढणार नव्हते, पण निघालाच आहे. इग्नासला पुरून चार दिवस झाले नव्हते. मी फादरांकडे गेले होते, परत येते तर पडवी रिकामी. मेलेल्या शिकाऱ्याच्या वस्तू घराबाहेर, नात्याबाहेर जाव्यात ही रीत मला माहीत आहे. मठात शिकले म्हणून मी रीत विसरले नाही. त्याची बंदूक दिलीत, बर्फातल्या जाळीच्या चपला दिल्यात, कुऱ्हाड दिलीत, मी हूं की चूं केलं नाही. पण तंबू पुरुषाचा कधीपासून झाला? कापड तुम्ही बेतलंत, शिवलं मी. प्रत्येक शिवण दुहेरी, मेणाच्या दोऱ्याने. तुमच्या भावाने त्यात फक्त झोप काढली.

असो. मला नवा तंबू शिवायचा आहे. दुपाखी, होता तसाच. माप तेवढं तुमच्याकडे आहे, कारण तुम्ही कधी टेप हातात धरली नाहीत. दोन्ही हात पसरून वाव मोजायचात आणि कात्री चालवायचात. आढ्याला किती वाव, पाखांना किती, पुढच्या झडपांना किती, एवढं कळवा. तुम्ही यायचं की नाही ते मागाहून बघू.

क्लेमान्स

३ मार्च १९९३

वन्सं,

तुमचं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. "आढं दोन वाव. पाख दीड वाव. झडपा एकेक वाव, टोकाला निमुळत्या. निळं घेऊ नकोस. तंबू भावाचा होता."

शेवटच्या वाक्याची गरज नव्हती. त्याच्या आधीच्याचीही नव्हती. इतके वसंत तुमच्या शेजारी डहाळ्यांवर झोपले, निळं प्लास्टिक घ्यायचं नाही एवढं मला कळतं.

दुकानात नवा मॅनेजर आला आहे, दक्षिणेकडचा, गुळगुळीत गालांचा. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि त्याने मला आजी म्हटलं. मी दवाखान्यात दुभाषी होते तेव्हा डॉक्टरसुद्धा मला मॅडम म्हणायचे, कारण त्यांनी काय म्हटलं आणि मी पेशंटला काय सांगितलं हे फक्त मलाच ठाऊक असायचं.

"ताडपत्री ना आजी? ही घ्या. हलकी आहे, घडी केली की पिशवीत मावते. पाणी अजिबात आत येत नाही."

"आणि आतलं बाहेर कसं जातं?"

"आत कुठून येणार पाणी?"

"माणसं रात्रभर श्वास सोडतात. तुमच्याकडे सोडत नाहीत?"

तो हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करते आहे. मग मी त्याला सांगितलं की वाऱ्यावर ही ताडपत्री रात्रंदिवस टाळ्या पिटते, आणि हंस काही टाळ्या घ्यायला येत नाहीत. एक ठिणगी उडाली की बशीएवढं भोक. शिवाय हा निळा रंग या किनाऱ्यावर वसंतात कुठेही नसतो, त्यामुळे खालून उडणारा थवासुद्धा तो दिसला की वळतो.

मग त्याने हिरवं मेणवलेलं जाड कापड काढलं. सैन्याचं असतं तसं. मी नाक लावून पाहिलं. त्या वासाने मूस हरीण दुसऱ्या नदीला जाईल. चुलीच्या नळकांड्याला टेकलं तर त्याचीच वात होईल, आणि आत भरदुपारी कंदील लावावा लागेल. अंधारात बसायला मला घर आहे.

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"गादीच्या मागे आहे ते."

गाद्यांच्या मागे पांढऱ्या कोऱ्या कॅनव्हासचा तागा उभा होता, वर धूळ. मी एक टोक दोन बोटांत चुरगाळलं. तोंडाशी धरून फुंकलं, पलीकडे हाताला वारा लागला पण जेमतेम. खिडकीसमोर धरलं, धागे जवळजवळ, कुठे गाठ नाही. आतून उजेड येईल, श्वास जाईल, आणि चांगलं भिजवलं की सूत फुगून पाऊस अडवेल. फक्त पावसात आतून बोट लावायचं नाही. ते लावायची सवय कुणाला होती हे मी लिहीत नाही. तो गेला.

याहून जाड कापडही होतं. ते आपल्या दोघींच्या पुढेही टिकलं असतं. पण त्या वजनाची घसरगाडी ओढून किनाऱ्यावर नेणार कोण? तरुण होते तेव्हा मी कापड किती टिकेल ते बघून घ्यायची. आता किती उचलवेल ते बघून घेते. असं निवडायला लागलं की माणसाला फार दमल्यासारखं होतं.

"किती माणसांसाठी?" त्याने विचारलं.

"अजून ठरायचं आहे," मी म्हटलं.

सगळा तागा घेतला. तंबू बाईचाच असतो.

क्लेमान्स

२४ मार्च १९९३

वन्सं,

आधी कापडाचं सांगते. न धुता शिवलं तर पहिल्या पावसात आकसेल म्हणून आंघोळीच्या टबात भिजवलं, पायांनी तुडवलं आणि बाहेर दोरीवर टाकलं. थंडीत ते दारासारखं ताठ झालं. कुणीतरी विचारलं, क्लेमान्स, भिंत बांधतेस का? दोन दिवसांनी आपोआप मऊ पडलं. मग चर्चचा हॉल मागितला, कारण माझ्या घरात कापड पसरायला जमीन नाही. बिंगोवाल्या बायकांनी तोंडं वाकडी केली. मी म्हटलं, एक आठवडा नाही खेळलात तर तुम्ही श्रीमंत व्हाल.

तुमचे आकडे समोर ठेवले. हात पसरले. दोन वाव आढं. दीड वाव पाख. तुम्ही लिहिलं तसं, शब्दाला शब्द. कापलं. पाच दिवस बसून शिवलं, दुहेरी शिवण, चष्मा नाकावर, सिस्टर उर्सुलनी पट्टी घेऊन मागे उभं राहावं तसं सरळ. काल आढ्याची काठी घालून हॉलमध्ये उभं केलं.

वन्सं, त्यात बकरी मावली असती. बसलेली.

मी खाली बसून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग रिटा आली, ओनेझिमची बायको, पोराला पाठीवर बांधून. तिने तंबूभोवती एक फेरी मारली. दाराशी वाकली, आत डोकावली.

"मावशी, हा कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"बरं." मग, "मोजलं कुणी?"

"मीच. आन्येसवन्संचे आकडे होते."

"आकडे त्यांचे आणि हात तुमचे?" ती ओठ दाबून हसू आवरत होती. "अहो, त्या आजींचे हात बघितलेत ना? वरच्या फळीवरची बरणी खुर्चीशिवाय काढायच्या. तुम्ही तर..."

"मी तर काय?"

"काही नाही."

म्हणजे तुमचे हात हंसाच्या पंखांएवढे आहेत हे तुम्ही पत्रात लिहायला नको होतं का? "आढं दोन वाव." कुणाचे वाव? या किनाऱ्यावरच्या कोणत्याही बाईने दुसऱ्या बाईला माप सांगताना एवढं सांगितलं असतं. आणि मीसुद्धा इतकी वर्षं डॉक्टरांना विचारत आले की चमचा म्हणजे कोणता चमचा, साखरेचा की सुपाचा. मला हे विचारायचं सुचलं नाही, याची मला तुमच्याहून जास्त चीड आली आहे.

रिटा तरी बरी. खाली बसली आणि म्हणाली, "तंबू घेऊन जा, मावशी."

"कोणता?"

"तुमचाच की. आमच्याकडचा. आम्ही यंदा सासऱ्यांच्या तळावर जातोय, तिथे जागा आहे."

"दिलेली वस्तू परत घेत नाहीत."

"तुम्ही कुठे दिलीत? त्यांनी दिली."

"तेच तर म्हणते आहे दोन वर्षं," मी म्हटलं. तिच्याबरोबर जाऊन तंबू पाहिला. तिने धुराड्याच्या भोकाला पत्र्याची नवी कड बसवली आहे. खालचा एक कोपरा सगळा कुरतडलेला.

"उंदीर?"

"हा." तिने पाठीवरचं पोर दाखवलं. "दात येताहेत त्याला."

वन्सं, तो तंबू आता त्यांचा झाला आहे. मला वाटलं होतं हात लावला की राग येईल. आला नाही. नुसती दमले. कोपरा चघळू दे म्हटलं तिला, कॅनव्हासने कुणी मरत नाही, आणि घरी आले.

तुम्ही म्हणाल, एका खाडीसाठी म्हातारी एवढी का जिवाचं रान करते. तुम्हाला कसं कळणार? तुमच्या वडिलांनी तुम्हाला वाळुंजांच्या झाडीत लपवलं, मुलांना मठाच्या शाळेत न्यायला आलेल्या फादरांच्या होडीला तुम्ही सापडलाच नाहीत. मला नेलं. सप्टेंबरात नेऊन जूनच्या शेवटी परत सोडायचे. म्हणजे मी या किनाऱ्याची पोर, आणि लग्न होईपर्यंत मी एकही वसंत पाहिला नव्हता. मे महिन्यात हंस शाळेच्या छपरावरून जायचे. आवाज यायचा. मान वर केली की पट्टी बसायची. पहिला वसंत मी पाहिला तो दोन दगडांच्या खाडीवर, तुमच्या शेजारी. तुम्ही मला डहाळ्या अंथरायला शिकवलंत, देठ खाली, पान वर. मी चुकले की तुम्ही सगळं उचलून फेकून द्यायचात. नन्सपेक्षा तुम्ही वाईट होतात. पण तिथे मान वर करता यायची.

ती जागा मी सोडणार नाही. पण माझ्याकडे तंबू नाही, कापलेलं कापड आहे.

क्लेमान्स

ईस्टर, ११ एप्रिल १९९३

वन्सं,

लेओनचा फोन आला. तुमचा निरोप त्याने जसाच्या तसा सांगितला, बिचारा दोन वेळा खाकरला. "आई म्हणते, ती येईल. पण कापड ती स्वतः नव्याने बेतणार. आणि शिवायला दुसरं कुणीतरी बघा. तुम्ही शिवलेल्याखाली ती झोपणार नाही."

"का?"

"ती म्हणते, त्या शिवणी मोजत मोजत झोप लागायची नाही."

"त्यांना सांग, त्यांनी बेतलेल्याखाली मीसुद्धा झोपणार नाही. तो तंबू जन्मभर डावीकडे कललेला होता. आम्ही सगळे उताराला झोपायचो आणि कुणी बोलायचं नाही."

"मामी, तुम्ही दोघी नायलॉनचा घुमट तंबू का नाही घेत? मी आणतो. पाच मिनिटांत उभा राहतो."

"पाच मिनिटांत उभं राहतं ते पाच मिनिटांत उडून जातं."

त्यावर तो म्हणाला की त्याला कामावर जायचं आहे.

त्यानंतर दोन दिवस मी शिवणी उसवत बसले. मी स्वतः घातलेल्या, एकेक टाका. तेव्हा लक्षात आलं की उसवलेल्या तुकड्यांमधून दुपाखी तंबू कुणाच्याच हातांनी होणार नाही, तुमच्या लांब हातांनीही नाही. पण एकपाखी पालं दोन होतात. एक तिरपं छप्पर, मागे जमिनीला टेकलेलं, पुढून सताड उघडं. आढं नाही, झडपा नाहीत, वाव नाही. दोन मेढी, एक आडवी काठी आणि मागे दगड. मूसच्या शिकारीला इग्नास शरदात असंच टाकायचा.

एफ्रेमकडे गेले. तो सुरी पाजळत होता.

"पालं? मे महिन्यात? म्हातारे, खाडीवरून बर्फाचा वारा येतो तेव्हा पुढून उघड्या पालात कोण झोपणार?"

"समोरासमोर दोन टाकायची. मध्ये मोठी शेकोटी. एकाची ऊब दुसऱ्याच्या छपरावर आपटून परत येते. तुझ्या आईने टाकली होती, मला आठवतं."

"टाकली होती," त्याने कबूल केलं. "कारण माझा बाप घोरायचा. बरं, एका पालात तू. दुसऱ्यात?"

"आन्येसवन्सं."

"मग ती दोन बिऱ्हाडं झाली. मला एक घर हवंय त्या जागेवर. उद्या बाकीचे म्हणतील, दोन एकट्या बायकांना मी जागा राखून ठेवली."

"शेकोटी एकच आहे."

त्याने सुरी थांबवली. पातं अंगठ्यावर घासून पाहिलं. त्याला विचार करताना बघणं म्हणजे नदीला गोठताना बघणं.

"स्वयंपाक?"

"त्याच शेकोटीवर. एक किटली, एक दोरी, एक हंस दोरीला गरगरत."

"चूल एक असेल तर घर एक," तो म्हणाला. "माझ्या हिशेबी. पण पाहायला मी येणार. आणि दुसऱ्या पालात माणूस दिसलं पाहिजे. नुसतं कापड ताणून ठेवलंस तर मी ओळखेन."

तर हे असं आहे. तुमच्या वाटणीचं कापड या पत्राबरोबर विमानाने मूसोनीला आणि तिथून रेल्वेने तुमच्याकडे येतं आहे. कडा दुमडल्या नाहीत, एक टाका घातलेला नाही. तुम्हीच बेता, तुम्हीच शिवा, नाहीतर लेओनकडून स्टेपल मारून घ्या. दोरी ओवायला भोकं पाडू नका, कापड फाटतं. कोपऱ्यात गोल खडा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधायची. हे तुम्हाला माहीत आहे. मी लिहिलं कारण लिहिल्याशिवाय माझं पत्र संपत नाही.

माझ्या छपराखाली तुम्ही यायचं नाही. तुमच्या छपराखाली मी येणार नाही. बोलायची सक्ती नाही. पण नदीवरचा बर्फ अजून बर्फगाडी पेलतो आहे, आणि तो फार दिवस पेलणार नाही. त्यानंतर यायचं म्हटलं तरी येता येणार नाही, आणि एफ्रेम जागा देऊन मोकळा होईल. मग कुणाचे वाव आणि कुणाची शिवण यावर आपण दोघी आपापल्या खुर्चीत बसून मरू.

गुडघा दुखतो आहे. थांबते.

क्लेमान्स

७ मे १९९३
दोन दगडांची खाडी

वन्सं,

हे पत्र टपालाने जाणार नाही. चहाच्या डब्याखाली ठेवते आहे, कारण तो डबा तुम्ही माझ्याआधी उघडता. समोर बसलेल्या माणसाला पत्र लिहिण्याइतकी वाईट वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं. पण चार दिवस झाले, तुम्ही लेओनशी बोलता, शेकोटीशी बोलता, हंसांशी बोलता. मीही तेच करते. लेओन मधल्यामध्ये "मामी विचारतेय", "आई म्हणतेय" करून कंटाळला आणि आज एफ्रेमच्या माणसांबरोबर दक्षिणेच्या टोकाला गेला. त्याच्या त्या नायलॉनच्या घुमटात सकाळी आतून पाऊस पडत होता. मी काही म्हटलं नाही. तुम्ही म्हणालात. तेव्हा मला हसू आलं, ते मी किटलीकडे तोंड करून हसले.

तुम्ही बर्फगाडीमागून उतरलात तेव्हा मी ओळखलं नाही. घसरगाडीवर चादरींचं गाठोडं आहे असं वाटलं. मग त्या गाठोड्यातून एक लांब हात बाहेर आला आणि त्याने माझ्या मेढीकडे बोट करून लेओनला सांगितलं, "ती वाकडी आहे." मी मेढ सरळ केली. वाकडी होती.

एफ्रेम काल येऊन बघून गेला, हे तुम्ही पाहिलंत. तुमच्या पालात वाकून पाहिलं, माझ्या पालात पाहिलं, शेकोटीशी बसून दोन कप चहा प्यायला. जाताना मला हळूच म्हणाला, "दोघी जिवंत आहात, हे पुरे." म्हणजे जागा राहिली. तुमच्यापर्यंत हे कुणी पोचवलं नसेल म्हणून लिहिते आहे. बर्फ फुटेपर्यंत राहायचं आहे, तेवढं आपल्याला जमेल.

आज सकाळी वाळुंजांच्या आडोशात तुम्ही हंसांना त्यांच्याच आवाजात हाक दिलीत तेव्हा मी पालातच होते, गुडघ्याला गरम पाण्याची बाटली लावून. थवा फार उंच होता. मला वाटलं गेला. तुमचा आवाज पहिल्यांदा फाटला, खोकला आला, आणि मला वाटलं आता संपलं, आपण दोघी फार उशिरा आलो. मग तुम्ही पुन्हा दिलीत. पुढचा हंस वळला आणि मागचे सगळे त्याच्यामागे वळले. कापडावरून त्यांच्या सावल्या गेल्या. पांढरं घेतलं म्हणून सावल्या दिसल्या. मी मान वर करून पाहिलं, वन्सं. कितीतरी वेळ.

दोन्ही बार तुमचेच होते. मोठा पक्षी दोरीला बांधला आहे, गरगरतो आहे, चरबी गळते आहे. मांडीचा भाग तुमचा. हे सांगायला पत्राची गरज नव्हती, पण सुरुवात केली म्हणून लिहिते.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही बाहेर पक्षी सोलत होतात तेव्हा मी तुमच्या पालात आले होते. छपराखाली यायचं नाही असं मीच लिहिलं होतं, म्हणून सांगून टाकते. लाकडं ठेवायला आले होते. तेव्हा पाहिलं की तुम्ही तुमचं अंथरूण एका कडेला, पार मागच्या कापडाशी लावलं आहे. शेकोटीजवळची, उबेची जागा मोकळी ठेवली आहे. त्यावर ताज्या डहाळ्या, देठ खाली, पान वर, आणि कुणीही झोपलेलं नाही. लेओनचीही नाही ती, तो तर त्याच्या घुमटात.

मला आधी कळलं नाही. मग परत येऊन माझ्या पालात बघितलं. माझंही अंथरूण मागच्या कापडाशी. शेकोटीजवळची जागा मोकळी. मी कधी सोडली ते मलाच आठवत नाही, हातांनी आपोआप सोडली असणार. तुमचा भाऊ तिथेच झोपायचा. रात्री उठून लाकूड घालायची पाळी त्याची असायची.

तंबू तुम्ही का दिलात, हे मी आता विचारत नाही. तो बघवत नसेल तुम्हाला. मला तो नसलेला बघवत नव्हता.

पण वन्सं, आपण दोघींनी मिळून इग्नाससाठी दोन जागा अडवून ठेवल्या आहेत. त्याला एकच पुरे होती. एफ्रेम म्हणतो, वारा संध्याकाळपर्यंत पश्चिमेला फिरेल. तो फिरला की सगळा धूर तुमच्या पालात शिरणार आणि तुम्ही रात्रभर खोकणार. तेव्हा तुमच्याकडची जागा त्याच्यासाठी राहू द्या, आणि माझ्याकडच्या जागेवर तुम्ही या. चादर घेऊन या, माझी पातळ आहे. बोलायचं नसेल तर बोलू नका.

शिवणी मोजायच्या असतील तर मोजा. सगळ्या सरळ आहेत.

क्लेमान्स